भोपळ्याला फुलं येतात, मग फळ का धरत नाही?



पोषण परसबागेचा विषय निघाला की ग्रामसंघाच्या बैठकीत एक तक्रार हमखास येते. "मॅडम, वेल मांडवभर पसरलाय, फुलं तर बघत राहावीत इतकी, पण फळ एक नाही. दुकानदारानं बीच खोटं दिलं." काही जणी तर "वांझ निघाला" म्हणतात आणि वेल उपटून टाकतात. हा शब्द माणसांना लावायचीही आपल्याकडं फार घाई असते, आणि तो कुणाच्या वाट्याला येतो ते तुम्हाला मी सांगायला नको. वेलापुरतं सांगते, तो बहुतेक वेळा वांझ नसतो. आपण फूल समोरून बघतो, मागून बघायचं राहून जातं.

मी शिकले समाजकार्य, शेतकी नाही. पुढं जे लिहिलंय ते कृषी सहायकांना विचारून, गटातल्या जाणत्या मावश्यांकडून ऐकून आणि फुलं हातात घेऊन उकलून बघत शिकले आहे. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकातही यातलं बरंचसं आहे, पण तिथं ते परीक्षेपुरतं राहतं. आपल्याला ते दोन कारणांसाठी हवंय. एक म्हणजे परसबागेत लावलेलं ताटात यावं. दुसरं, दरवर्षी बियाण्याच्या पाकिटावर जाणारा पैसा वाचावा. घरचं बी राखायचं तर कोणत्या झाडाचं राखलं की तसंच उगवतं आणि कोणत्याचं उगवत नाही, हे आधी कळायला हवं. आणि ते फुलाच्या ठेवणीवरून बरंचसं कळतं.

सुरुवात डांगरापासून करू. (आपल्याकडं काही गावांत याला नुसता लाल भोपळा म्हणतात.) सकाळी लवकर, भांडी घासायच्या आधी, वेलाजवळ जा. फूल तोडू नका, नुसतं वाकवून त्याच्या मागं बघा. पाकळ्या जिथं देठाला मिळतात तिथं काय आहे? काही फुलांच्या मागं नुसता लांब, बारीक देठ असतो. ही नर फुलं. काहींच्या मागं सुपारीएवढा हिरवा गोळा असतो, म्हणजे डांगराचंच बाळरूप. ही मादी फुलं. दुधीच्या मादी फुलामागं बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी दिसतो, दोडक्याच्या फुलामागं शिरा असलेला बारका दोडका, कारल्याच्या मागं खडबडीत बारकं कारलं. एकदा दिसलं की नंतर लांबूनही ओळखू येतं. फुलाच्या आत डोकावलं तर नर फुलात मधोमध एक पिवळा दांडा असतो, बोट लावलं की बोटाला पिवळी पूड लागते. हे पराग. मादी फुलात त्याच जागी जाडसर, चिकट, फुगीर असे फाटे असतात. नराची पूड या चिकट भागावर पोचली तरच मागचं बारकं फळ वाढतं. नाही पोचली तर ते दोन-चार दिवसांत पिवळं पडून गळतं. आपल्याला वाटतं रोग पडला.

आता तक्रारीचं उत्तर. या वेलांना आधी नर फुलंच येतात. मादी फुलं नंतर येतात आणि नरांपेक्षा कायम कमी असतात. म्हणजे पहिले काही दिवस नुसती फुलं दिसणं आणि फळ न दिसणं ही वेलाची रीतच आहे. तेवढ्यात वेल उपटला तर मादी फुलं यायच्या आधीच तो संपला. डांगराच्या फुलांची भजी करणाऱ्या घरात तर हे ज्ञान पूर्वीपासून आहे. सासवा सांगायच्या, मागं गोळा असलेलं फूल तोडू नको. फक्त भज्यांसाठी सगळी नर फुलंही खुडू नका, चार वेलावर राहू द्या.

दुसरं कारण माशांचं. डांगराचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. मादी फुलाला तेवढी एकच सकाळ मिळते. त्या वेळात मधमाशी आली नाही तर काम हुकलं. पावसाची झड असली की माशा फिरत नाहीत आणि पराग भिजून वाया जातात. आणि शेजारच्या कपाशीवर किंवा आपल्याच वाफ्यावर कुणी सकाळी सात-आठला फवारणी केली तर माशा मरतात. फवारणी टाळता येत नसेल तर निदान सकाळी फुलावर माशा असताना मारू नका, संध्याकाळी मारा, एवढं घरच्या माणसाला सांगून बघा. काही घरांत हे सांगणं सोपं नसतं, मला माहीत आहे. "माशा मेल्या की भोपळा धरत नाही" असं सांगितलं तर ऐकतात, "पर्यावरण" म्हटलं की ऐकत नाहीत.

तिसरं कारण खताचं. वेल काळाभोर, पानं परातीएवढी, आणि मादी फुलं मात्र दिसत नाहीत, असं असेल तर विचारा, युरिया किती टाकला? नत्र जास्त झालं की वेल पाल्यावरच जोर देतो.

माशा नसतील तर हे काम हातानं करता येतं, आणि ते अगदी सोपं आहे. सकाळी ताजं उमललेलं नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या काढून टाकायच्या, नुसता पिवळा दांडा राहील. तो मादी फुलाच्या आतल्या चिकट फाट्यांवर हलकेच फिरवायचा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचं काम होतं. वेळ मात्र वेलाप्रमाणं बदलते. डांगर, काकडी, कारलं, गिलकं ही सकाळची फुलं. दुधीचं पांढरं फूल आणि दोडक्याचं पिवळं फूल संध्याकाळी उमलतं. दुधीचं फूल पांढरं का, तर अंधारात पाकोळ्यांना दिसावं म्हणून. म्हणजे दुधीचं आणि दोडक्याचं काम दिवेलागणीच्या वेळी करायचं, डांगराचं चहा व्हायच्या आधी. सकाळी दहाला जाऊन दुधीचं कोमेजलेलं फूल घासत बसलो तर उपयोग नाही.

इथं एक समजूत बाजूला करू. "दुधीशेजारी कारलं लावलं की दुधी कडू होतो" असं बऱ्याच गावांत म्हणतात. तसं होत नाही. कारल्याचे पराग दुधीला चालत नाहीत, दोघांचं कूळ एक असलं तरी घर वेगळं आहे. दुधी कडू निघतो तो दुसऱ्या कारणानं: बी ज्या दुधीचं आणलं त्याच्या मादी फुलाला रानातल्या कडू भोपळ्याचे पराग लागलेले असतील तर त्या बियांपासून आलेला पुढचा वेल कडू निघू शकतो. आणि कडू दुधी खायचा नाही, म्हणजे नाहीच. शिजवूनही नाही, रस काढून तर मुळीच नाही. त्यातल्या विषारी द्रव्यानं उलट्या, जुलाब होऊन माणसं दवाखान्यात गेली आहेत. चिरताना एक फोड जिभेला लावून बघा, कडू लागली तर थुंका आणि दुधी टाकून द्या. "पैशाचा आणलाय" म्हणून स्वतः खायची सवय आपल्या बायकांना फार आहे.

डांगर, दुधीत नर आणि मादी फुलं निदान एकाच वेलावर असतात. काही झाडांत तर अख्खं झाडच नर किंवा अख्खं झाडच मादी. अकोल्याकडच्या तायांना करटुली सांगायला नको. पावसाळ्यात डोंगरातून आणून विकतात, भावही चांगला मिळतो. काही गटांनी करटुली परसात लावायचं मनावर घेतलंय. ती लावताना लक्षात ठेवायचं की करटुलीचा नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. नुसते मादी वेल आणले तर बारक्या फळांच्या जागी गळ दिसेल, नुसते नर आणले तर फुलंच बघायची. आठ-दहा मादी वेलांमागं एक नर वेल पुरतो. करटुलीच्या वेलाखाली जमिनीत कंद असतो, तो दर पावसाळ्यात फुटतो. म्हणून रानात फुलं असतानाच मागं बघून नर-मादी ओळखायचं, वेलाला वेगवेगळ्या रंगाची चिंधी बांधायची आणि मग कंद आणायचा. अख्खा काढू नका, तिथं काही राहू द्या.

पपईचं तसंच. बुंध्याला चिकटून एकेक मोठं फूल आलं तर ते फळाचं झाड. लांब लोंबत्या दांड्यांवर बारीक फुलांचे घोस आले तर ते नर झाड. काही पपयांत एकाच फुलात दोन्ही असतं, ती फळं लांबट होतात. नर झाड फूल येईपर्यंत ओळखता येत नाही, म्हणून एका आळ्यात दोन-तीन रोपं लावून नंतर नको ते काढायची पद्धत आहे.

बाकी बहुतेक झाडांत मात्र एकाच फुलात सगळं कुटुंब नांदतं. ते बघायला जास्वंदासारखं फूल नाही. देवाला वाहायच्या आधी एक उकलून बघा. सगळ्यात खाली हिरवी वाटी, कळी असताना हिनंच फूल झाकलेलं असतं. पुस्तकात तिला निदलपुंज म्हणतात. मग पाच लाल पाकळ्या, माशांना बोलवायला. मधून एक लांब नळी निघते, तिला सगळीकडून बारीक पिवळे ठिपके लागलेले असतात. ते पुंकेसर, त्यांच्यात पराग. नळीच्या अगदी टोकाला पाच लाल मखमली ठिपके. ते स्त्रीकेसराचं तोंड, पराग घ्यायची जागा. ही नळी नखानं उभी चिरली तर आतून एक धागा थेट खाली उतरतो आणि हिरव्या वाटीत लपलेल्या बारीक गोळ्याला मिळतो. तो गोळा म्हणजे अंडाशय. फळ त्याचंच होतं आणि बी त्याच्या पोटात. आता भेंडीचं फूल बघा, कपाशीचं बघा. रंग वेगळा, ठेवण तीच. जास्वंद, भेंडी, कपाशी एकाच कुळातल्या. भेंडीचं फूल गळून गेल्यावर जी बारकी टोकदार भेंडी दिसते ती त्या हिरव्या वाटीतल्या गोळ्याची. म्हणजे जास्वंदात अंडाशय पाकळ्यांच्या वर, आत असतं आणि डांगरात ते पाकळ्यांच्या खाली, बाहेर. म्हणून डांगराच्या फुलाला मागून बघायचं आणि भेंडीच्या फुलाला आत.

वांग्याचं फूलही आत डोकावून बघण्यासारखं आहे. जांभळ्या पाकळ्या, मधे पिवळ्या केसरांची मूठ. त्या मुठीतून हिरवट टोक बाहेर आलेलं दिसलं तर ते फूल धरणार. टोक मुठीच्या आतच खुजं राहिलं असेल तर ते फूल बहुधा गळणार. झाडावर दोन्ही प्रकारची फुलं असतातच. त्यामुळं सगळी फुलं का धरत नाहीत म्हणून घाबरून औषध आणायला धावू नका, आधी दहा फुलं बघून मोजा. डाळिंबाच्या बागेत कामाला जाणाऱ्या संगमनेर, राहात्याकडच्या तायांना हे चटकन कळेल: बुडाशी फुगीर, तांब्यासारखं फूल धरतं आणि बुडाशी निमुळतं, घंटेसारखं फूल गळतं. ते गळणारं नर फूल. बागेत जमिनीवर लाल सडा पडला म्हणजे नुकसानच झालं असं नसतं.

आता बियाकडं येऊ. आपल्या जिल्ह्यात याचं मोठं उदाहरण आहे, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई सोमा पोपेरे. शाळेत कधी गेल्या नाहीत. गावरान बियाणं गोळा करून घरातच बियाण्यांची बँक उभी केली, बाएफ संस्थेची साथ मिळाली, बचत गटातल्या बायका जोडल्या गेल्या. शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना 'बीजमाता' म्हटलं, २०१८ साली बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या सत्काराचे फोटो आपण सगळ्यांनी बघितलेत. मला फोटोपेक्षा त्यांच्याकडच्या वालाच्या आणि घेवड्याच्या जाती जास्त बोलक्या वाटतात. कुठला पांढरा, कुठला काळा, कुठला ठिपक्यांचा, कुठली शेंग चपटी, कुठली गोल. इतक्या जाती शेजारीशेजारी वाढवूनही एकमेकींत मिसळून कशा गेल्या नाहीत?

याचं मोठं कारण वालाच्या फुलात आहे. वालाचं किंवा वाटाण्याचं फूल घ्या. वर एक मोठी पाकळी, झेंड्यासारखी उभी. दोन्ही बाजूंना दोन पंख. खाली दोन पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेली होडी. होडी अलगद उघडा, पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही आतच कोंडलेले असतात. बरंचसं काम फूल पुरतं उमलायच्या आधीच घरच्या घरी उरकलेलं असतं, बाहेरचे पराग आत यायला वाव कमी. म्हणून वाल, घेवडा, वाटाणा, हरभरा, मूग यांचं बी घरी राखलं तर ते बहुतेक तसंच उगवतं. तरी दोन जातींत थोडं अंतर ठेवावं, भुंगे कधीमधी होडी फोडतातच. तूर मात्र फसवी आहे. फूल अगदी तसंच होडीचं, पण माशा तिच्यावर इतक्या येतात की मिसळ बरीच होते. पांढऱ्या तुरीचं बी राखायचं असेल तर लाल तूर लांब असलेली बरी.

ज्वारीचं बरंचसं परागीभवन कणसातल्या कणसात होतं. म्हणून मालदांडीचं बी घरची माणसं निवडक कणसं बाजूला बांधून वर्षानुवर्षं राखत आली. बाजरीचं उलटं आहे. बाजरीच्या कणसावर आधी पांढरी केसाळ लव दिसते, ती स्त्रीकेसरांची. पिवळे पुंकेसर त्यानंतर दोन-तीन दिवसांनी लोंबतात. स्वतःचे पराग तयार होईपर्यंत वाऱ्यानं शेजारच्या शेतातले येऊन बसलेले असतात. म्हणून घरच्या बाजरीत चारी बाजूंच्या शेतांचं रक्त येतं. आणि दुकानातली बाजरी तर बहुतेक संकरित. संकरित बियाण्याच्या पिकाचं बी राखलं तर पुढच्या वर्षी एक झाड उंच, एक बुटकं, एक लवकर, एक उशिरा असं होतं. पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ १' लिहिलं असेल तर त्याचं बी राखण्यात कष्ट घालू नका. गावरान किंवा सुधारित वाणाचं राखा. आपल्या जिल्ह्यातच राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, सुधारित वाण कोणता ते तिथं किंवा कृषी सहायकांकडं विचारता येतं.

मिरचीत आणि भेंडीत मिसळ मधली. ढोबळी आणि तिखट मिरची एकाच वाफ्यात असतील तर त्यांचं बी राखून पुढच्या वर्षी तिखट ढोबळी खायची तयारी ठेवा. त्यावर उपाय आहे. बी धरायच्या एका फांदीवर, कळ्या उमलायच्या आधी, जुन्या साडीच्या पातळ कापडाची पिशवी बांधायची. मिरचीच्या फुलात दोन्ही केसर असल्यानं आतल्या आत फळ धरतं. फळ धरलं की पिशवी काढून त्या फांदीला दोरा बांधून खूण करायची.

डांगर, दुधीला नुसती पिशवी बांधून भागत नाही, कारण नर वेगळं, मादी वेगळी. तिथं आदल्या दिवशी, उद्या उमलेल अशी एक मादी कळी आणि एक-दोन नर कळ्या दोऱ्यानं हलक्या बांधून ठेवायच्या, म्हणजे माशी आत जाणार नाही. कळ्या एकाच जातीच्या पण शक्यतो वेगवेगळ्या वेलांच्या घ्या. फूल उमलायच्या वेळी दोरा सोडून हातानं पराग लावायचे आणि मादी फूल परत बांधून टाकायचं. देठाला रंगीत चिंधी. त्या फळाला कुणी हात लावायचा नाही, पाहुणे आले तरी.

कांद्याबद्दल विचारणाऱ्या ताया प्रत्येक गावात भेटतात, आपल्याकडं कांदा म्हणजे घरखर्चच. कांद्याची गंमत अशी की आपण जे खातो ते ना मूळ, ना फळ. कांदा उभा कापून बघा. खाली, मुळ्या सुटतात तिथं रुपयाच्या नाण्यासारखी चपटी चकती असते, ती कांद्याचं खोड. तिच्यावर बसलेले सगळे जाड पापुद्रे म्हणजे पानांचे बुडखे. कांदा पोसत असताना पात कापली तर तो पोसत का नाही, ते यावरून कळतं. कांद्याच्या फुलाचा गोंडा म्हणजे शेकडो बारीक फुलांचा गुच्छ. त्यातल्या प्रत्येक फुलात पराग आधी पिकून झडतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणून माशांशिवाय कांद्याचं बी भरत नाही. लाल आणि पांढरा कांदा जवळजवळ गोंड्यावर असले तर बी मिसळतं. कांद्याचं बी जुनं झालं की उगवणही लवकर उतरते, तेव्हा ते वर्षाच्या आत वापरायचं.

जमिनीखालचं सगळं मूळच असतं असं आपण धरून चालतो, पण बटाटा आणि आलं, हळद ही खोडं आहेत. त्यांच्यावर डोळे असतात, डोळ्यातून कोंब फुटतो. म्हणून आल्याचा तुकडा लावताना डोळा आहे ना बघायचं, नुसता गर लावला तर कुजतो. रताळं मात्र खरं मूळ, त्याची लागण वेलाच्या फाट्यांनी करतात. भुईमुगाची शेंग तर फळ असून जमिनीत वाढते: फूल वर येतं, फळधारणा झाली की त्याच्या बुडातून आरी निघते आणि खाली मातीत घुसते. आऱ्या सुटायला लागल्या की त्यानंतर खुरपणी थांबवायची ती एवढ्यासाठी. तुटलेल्या आरीला शेंग लागत नाही. मजुरीनं खुरपायला गेलात आणि मालक म्हणाला तरी हे सांगा.

एक फूल असंही आहे की ते ओळखून लगेच उपटायचं. गाजर गवत. पांढरा ठिपका दिसतो ते एक फूल नव्हे, ते बारीक फुलांचं गाठोडं आहे, झेंडूसारखंच. झेंडूची एक 'पाकळी' ओढली तर खाली काळी काडी येते ना, ती प्रत्येक पाकळी म्हणजे स्वतंत्र फूल आणि ती काडी म्हणजे त्याचं बी. दसऱ्यानंतर तोरणातला सुकलेला गावरान झेंडू कुस्करून टाकला की रोपं उगवतात ती त्यामुळं. गाजर गवतही याच कुळातलं, आणि एका झाडापासून हजारो बिया पडतात. फुलायच्या आधीच, जमीन ओली असताना, हाताला पिशवी गुंडाळून मुळासकट काढा. अंगाला खाज, दमा ज्यांना आहे त्यांनी हे काम दुसरीला द्यावं.

बी राखताना आपण बाजारातून उरलेलं, किडकं, जून झालेलं फळ बियाला ठेवतो. उलटं करायला हवं. फळापेक्षा आधी झाड बघा. ज्या वेलाला मादी फुलं लवकर आली, ज्याची पानं केवड्यानं पिवळी पडली नाहीत, ज्यानं उन्हाचा ताण सोसला, त्याच्या पहिल्या-दुसऱ्या तोड्यानंतरचं चांगलं फळ राखा. एकाच झाडाचं घेऊ नका, निदान पाच-सहा झाडांचं एकत्र करा. वांगं पिवळं पडेपर्यंत, काकडी तांबूस होईपर्यंत, दोडका वाळून खुळखुळा होईपर्यंत झाडावर राहू द्या. दुधीचं बी धरण्याआधी त्याच वेलाच्या कोवळ्या फळाची फोड चाखून घ्या. बी सावलीत वाळवा, राखेत घोळून काचेच्या बरणीत किंवा मडक्यात ठेवा.

जानेवारीत गटागटांत संक्रांतीचं हळदीकुंकू असतं. काही ग्रामसंघांनी यंदा वाण म्हणून प्लास्टिकचे डबे न देता घरच्या बियाची पुडी द्यायचं ठरवलं आहे. तुमचा गट देणार असेल तर पुडीवर पाच गोष्टी लिहा. भाजीचं नाव आणि गावात तिला काय म्हणतात ते. कुणाच्या परसातलं. कोणत्या महिन्यात काढलं. फुलाचा आणि फळाचा रंग. आणि शेजारी त्याच भाजीची दुसरी जात होती का. लिहिता येत नसेल त्या ताईची पुडी सीआरपी ताईंनी भरताना तिला विचारून लिहावी, मनानं लिहू नये.

(क्षेत्र समन्वयक)